नव्या मशिनवर नुएन्डो ३ आणि कूल एडिट: आधी प्रोजेक्ट वाचवा, मग सॉफ्टवेअर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीचा स्टुडिओ. विंडोज एक्सपीचं मशिन, त्यात एम-ऑडिओचं डेल्टा ४४ कार्ड, नुएन्डो ३ हे अनेक ट्रॅकवर गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स ज्यात असतं ते यूएसबीला लावायचं डोंगल, आणि आवाजाच्या किरकोळ कापाकापीला कूल एडिट प्रो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, मशिन आता मनात येईल तेव्हा चालू होतं. विंडोज ११ चं नवं मशिन आणलं, तर त्यात कार्डच बसेना. नुएन्डो लायसन्सची तक्रार करून बंद होतं. कूल एडिट उघडतं, पण रेकॉर्ड दाबलं की सपाट रेष. भजनी मंडळांची, जागरण-गोंधळाची, पालखीच्या गाण्यांची वर्षानुवर्षांची प्रोजेक्ट अडकून पडलीत आणि एका मंडळाला आषाढीच्या आत जुनंच गाणं नव्या गायकाच्या आवाजात करून हवंय. जुनं सॉफ्टवेअर नव्या मशिनवर चालेल का?

मालक, चालेल. पण तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न घातलेत. जुनी प्रोजेक्ट उघडणं हे एक काम आणि नवं रेकॉर्डिंग करणं हे दुसरं. पहिल्याला जुनं सॉफ्टवेअर लागतं, पण चांगलं कार्ड, कमी लेटन्सी (आवाज यायला होणारा उशीर) यातलं काहीच लागत नाही. दुसऱ्याला कार्ड चांगलं लागतं, पण सॉफ्टवेअर जुनंच पाहिजे असं नाही. लोक अडकतात ते दोन्ही कामं एकाच मशिनवर, एकाच प्रोग्रॅममध्ये, अगदी पूर्वीसारखी व्हावीत म्हणून हट्ट धरतात तेव्हा. माझं स्पष्ट मत: नुएन्डो ३ नव्या मशिनवर फक्त प्रोजेक्ट उघडून ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचा आणि गळ्याचा वेगळा आवाज, बाहेर काढण्यापुरतं चालवा. नवीन गाणी त्यात सुरू करू नका.

आता कामाला लागू. काहीही इन्स्टॉल करण्याआधी जुनी हार्ड डिस्क मशिनमधून बाहेर काढा. एक्सपीच्या काळातली आहे म्हणजे रुंद पट्टीच्या केबलची आयडीई असेल किंवा साटा असेल. दोन्हींना चालणारा यूएसबी कन्व्हर्टर कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. डिस्क लावल्यावर नव्या विंडोजने फॉरमॅट करू का असं विचारलं तर नाही म्हणा, आणि सगळीच्या सगळी डिस्क नव्या मशिनवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. निवडून-निवडून कॉपी करत बसू नका, त्यातच नेमकं काहीतरी राहतं. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर तो एक्सपीच्या युजर फोल्डरचा परवानगीचा प्रश्न असतो, फोल्डरची मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली की सुटतो. डिस्कमधून टिकटिक असा आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. परत परत लावून बघण्यात उरलेलंही जातं.

निवडून कॉपी करू नका म्हणतो त्याचं कारण नुएन्डोच्या प्रोजेक्टची रचना. ‘एनपीआर’ ही जी फाइल तुम्ही उघडता, तिच्यात आवाज नसतोच. कुठला तुकडा कुठे, किती व्हॉल्यूमला, कुठल्या इफेक्टमधून, एवढीच नोंद असते. खरा आवाज शेजारच्या ‘ऑडिओ’ फोल्डरमध्ये असतो. ‘एडिट्स’ नावाचा आणखी एक फोल्डर असतो. एखाद्या तुकड्यावर नॉर्मलाइज, टाइम स्ट्रेच, पिच शिफ्ट असं काही केलं असेल तर ते तिथे जातं. हा फोल्डर राहिला तर गाणं उघडतं, पण नेमके दुरुस्त केलेले तुकडे गायब. ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये नुसती वेव्हफॉर्मची चित्रं असतात, ती गेली तरी पुन्हा तयार होतात. शिवाय घाईच्या कामात आपण पखवाजाचा एखादा लूप दुसऱ्याच गाण्याच्या फोल्डरमधून ओढून टाकलेला असतो. तो त्या दुसऱ्या फोल्डरातच राहतो.

अजून एक गोष्ट, छोटी वाटेल पण वेळ वाचवेल. जुन्या मशिनवर गाणी ‘डी’ ड्राइव्हवर होती ना? मग नव्या मशिनवरही डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एका पार्टिशनला ‘डी’ हेच अक्षर द्या आणि फोल्डर त्याच नावाने, त्याच जागी ठेवा. नुएन्डो निदान फाइल शोधायला मदत करतं. कूल एडिटची ‘एसईएस’ सेशन फाइल मात्र पूर्ण पत्ता लक्षात ठेवते, अक्षर बदललं की एकेक फाइल विचारत बसते. वीस ट्रॅकचं सेशन असेल तर वीस वेळा सांगायचं.

आता मुळात अडतं कुठे ते बघा. नुएन्डो ३ हा २००५ च्या आसपासचा ३२ बिटचा प्रोग्रॅम. विंडोज ११ हे फक्त ६४ बिटमध्येच येतं, पण ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम चालवायची सोय त्यात पहिल्यापासून आहे. म्हणजे प्रोग्रॅम हा सहसा अडथळा नसतोच. अडतो तो ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर आणि विंडोज यांच्यातला दुभाषा, कारण तो विंडोजच्या गाभ्यात शिरतो आणि तिथे ३२ बिटचं काही चालत नाही. ६४ बिटचाच हवा, त्यावर डिजिटल सही हवी. सोलापुरी चादर कितीही चांगली असली तरी तिचा ताणा मागावर नीट चढला नाही तर एक वीत विणून होत नाही, तसं आहे हे. तुमच्या मशिनमध्ये असे ड्रायव्हर दोन: एक डेल्टा कार्डाचा, दुसरा डोंगलचा.

डेल्टाचा विषय लवकर संपवतो. ते पीसीआय कार्ड आहे. नव्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट नसतो, पीसीआय एक्सप्रेस असतो, आणि दोघांची खाच वेगळी. एकाला दुसऱ्यात बसवणारे ॲडॅप्टर मिळतात, पण कंपनीने विंडोज ११ साठी ड्रायव्हरच दिलेला नाही. विंडोज ७ चा ड्रायव्हर चढवून काम भागवणारे लोक आहेत, पण ज्या मशिनवर पैसे घेऊन काम करायचं त्यावर मी हा खेळ करणार नाही. कार्ड विकू मात्र नका, पुढे त्याचा एक उपयोग सांगतो.

डोंगलकडे जरा नीट लक्ष द्या, कारण इथे वेळेचा मामला आहे. नुएन्डोच्या सीडीबरोबर सिंक्रोसॉफ्टचा जो लायसन्स प्रोग्रॅम येतो, तो त्या काळच्या विंडोजसाठीचा. तुमची एरर बहुधा त्याचीच आहे. तो काढून टाका, मशिन रीस्टार्ट करा, त्याच्या जागी ई-लायसन्सर कंट्रोल सेंटर, म्हणजे त्याच प्रोग्रॅमची पुढची पिढी, तिची सगळ्यात शेवटची आवृत्ती टाका आणि मगच डोंगल लावा. त्या प्रोग्रॅममध्ये डोंगल आणि त्यावरचं नुएन्डोचं लायसन्स दिसलं की निम्मी लढाई जिंकली. दिसत नसेल तर यूएसबी हब काढून थेट मागच्या पोर्टला लावून बघा.

वेळेचा मामला असा, की नुएन्डो बनवणाऱ्या स्टाइनबर्गने ही ई-लायसन्सरची सेवा २० मे २०२५ ला बंद केली. डोंगलवर आधीपासून असलेलं लायसन्स चालत राहतं. पण डोंगल तुटलं, हरवलं, जळलं तर त्यावरचं लायसन्स आता परत मिळवता येत नाही. म्हणून डोंगल सीपीयूच्या पुढच्या पोर्टला, येता-जाता पाय लागेल असं ठेवू नका. वीतभर एक्स्टेंशन केबल लावून टेबलाखाली आडवं बांधून टाका. काम झालं की काढून कपाटात. ज्यांचं लायसन्स डोंगलऐवजी कॉम्प्युटरमध्येच, म्हणजे सॉफ्ट ई-लायसन्सरमध्ये होतं, त्यांना ते नव्या मशिनवर हलवता येत नाही. अशांनी जुनं मशिन जिवंत असेपर्यंतच ट्रॅक बाहेर काढून घ्यावेत.

आता इन्स्टॉलेशन. प्रोग्रॅम नेहमीच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. एक्सपीच्या काळातले बरेच प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज आपल्याच फोल्डरमध्ये लिहायचे. व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू देत नाही, गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या भलत्याच फोल्डरमध्ये वळवतं. मग आज केलेलं सेटिंग उद्या दिसत नाही, प्लगइनची (आत जोडायच्या इफेक्टची आणि वाद्यांची) यादी दर वेळी नव्याने स्कॅन होते. ‘सी’ ड्राइव्हवर ‘ऑडिओ’ नावाचा साधा फोल्डर करून त्यात टाका, ही कटकटच मिटते. नंतर आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. तिथे एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडा. तिथेच ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ आहे, त्यात स्केलिंग ‘सिस्टीम’वर ठेवा, नाहीतर नव्या मोठ्या स्क्रीनवर मिक्सरचे फेडर मुंगीएवढे दिसतात.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हा सल्ला प्रत्येक जण देतो. लागला तरच द्या. त्या मोडमध्ये एक्सप्लोररमधून वेव्ह फाइल ओढून प्रोजेक्टमध्ये टाकता येत नाही, कारण साध्या अधिकाराचा प्रोग्रॅम वरच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला काही देऊ शकत नाही. लोकांना वाटतं नुएन्डो बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, फाइल मेनूतून इम्पोर्ट करा, होतं.

उघडल्यावर अडखळत असेल, मधेच गोठत असेल तर प्रोसेसरकडे बघा. घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन कोअरचे प्रोसेसर यायला लागले ते २००५ मध्ये. त्याच वेळचा हा प्रोग्रॅम, त्याच्यापुढे आज बारा-सोळा कोअर, त्यातही काही वेगवान आणि काही सावकाश. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये नुएन्डोवर राइट क्लिक करून ‘सेट ॲफिनिटी’मध्ये दोन किंवा चारच कोअर ठेवा. बऱ्याचदा तेवढ्यावर शहाण्यासारखं चालायला लागतं.

मग एएसआयओ. स्टाइनबर्गनेच १९९७ मध्ये काढलेली ही पद्धत, कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्यात विंडोजचा मिक्सर येऊ न देता थेट बोलणं. इथे एक खोच आहे. ३२ बिटच्या नुएन्डोला एएसआयओचा भागही ३२ बिटचाच लागतो. यूएसबी इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या दोन्ही देतात, काही आता फक्त ६४ बिटचा देतात. म्हणून नवीन इंटरफेस रीपरसारख्या आजच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसतो आणि नुएन्डोत नाही, असं झालं तर इंटरफेस परत करायला दुकानात पळू नका. एएसआयओ४ऑल हा बहुतेक कार्डांना चालणारा एएसआयओ ड्रायव्हर टाका, किंवा नुएन्डोबरोबर येणारा ‘एएसआयओ डायरेक्टएक्स फुल डुप्लेक्स’ निवडा. लेटन्सी जास्त येईल, प्ले दाबल्यावर आवाज उशिरा येईल. येऊ दे की. आपल्याला इथे गायचं नाही, ट्रॅक काढायचेत, आणि एक्स्पोर्ट होताना लेटन्सीचा आवाजाच्या दर्जाशी काही संबंध नसतो.

ट्रॅक काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नव्या आवृत्त्यांमध्ये सगळे चॅनल एका दमात वेगळे एक्स्पोर्ट होतात, नुएन्डो ३ मध्ये तशी सोय नाही. डावा लोकेटर (एक्स्पोर्ट कुठून सुरू व्हायचं ती खूण) प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीला, शून्यावर. उजवा शेवटच्या झंकाराच्या पुढे चार-पाच सेकंद. हे दोन्ही लोकेटर शेवटच्या ट्रॅकपर्यंत हलवायचे नाहीत. मग एक ट्रॅक सोलो, फाइल मेनूतून एक्स्पोर्ट, ऑडिओ मिक्सडाउन, वेव्ह, २४ बिट किंवा ३२ फ्लोट, सॅम्पल रेट प्रोजेक्टचा आहे तोच. गाणं ४४.१ किलोहर्ट्झला असेल तर ४४.१ लाच काढा, उगाच ४८ करू नका. सगळ्या फाइल एकाच जागी सुरू झाल्या की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवल्या की गाणं जुळतं. कोरस तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी त्याची फाइल शून्यापासूनच काढायची. आधी तीन मिनिटं शांतता, असू दे.

प्रत्येक ट्रॅक दोनदा काढा: एकदा इफेक्टसकट, एकदा सगळे इन्सर्ट आणि सेंड बंद करून कोरडा. आज नको वाटेल, पण त्या वेळचा तो ढणढणीत रिव्हर्ब पाच वर्षांनी तुम्हालाच ऐकवणार नाही. मास्टरवरचा कम्प्रेसर बंद ठेवा, कारण ट्रॅक एकेकटे काढताना तो वेगळा वागतो आणि मग बेरीज जुळत नाही. मिडीचे, म्हणजे आवाज नव्हे तर नुसत्या सुरांची नोंद असलेले, ट्रॅक असतील तर ते वाजवणाऱ्या सॉफ्टवेअर वाद्यासकट ऑडिओ काढाच, शिवाय मिडी फाइलही वेगळी सेव्ह करा. नावं देताना ‘ऑडिओ ०७’ असलं नको. ‘पखवाज’, ‘टाळ’, ‘पेटी’, ‘कोरस बायका’, ‘मुख्य आवाज टेक २’ असं लिहा आणि फोल्डरच्या नावात पट्टी आणि लय टाका, ‘काळी एक, ८४’. ही माहिती नुएन्डोच्या बाहेर कुठेच राहत नाही.

काढलेले ट्रॅक नव्या मशिनवर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र लावा. शेजारी त्याच नुएन्डोतून, मास्टर मोकळा ठेवूनच काढलेला, पूर्ण मिक्स ठेवा आणि त्या मिक्सची फेज उलटी करा, म्हणजे आवाजाची लाट खालची वर आणि वरची खाली. सगळं बरोबर निघालं असेल तर इफेक्टसकटचे ट्रॅक आणि उलटा मिक्स एकमेकांना खाऊन टाकतात, जवळजवळ काही ऐकू येत नाही. एखादं वाद्य स्वच्छ ऐकू आलं तर तोच ट्रॅक चुकलाय. ‘कोरस’ नावाचा किंवा फ्लँजरसारखा डुलता इफेक्ट असेल तर थोडी सळसळ उरते, तिचं मनावर घेऊ नका.

आता जे बोलायला लोक कचरतात ते. आपल्याकडच्या किती छोट्या स्टुडिओंतलं नुएन्डो डोंगलशिवाय चालायचं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तसली आवृत्ती विंडोज ११ वर चालवण्याच्या युक्त्या मी सांगणार नाही. नैतिकता क्षणभर बाजूला ठेवा, त्यासाठी अँटिव्हायरस आणि विंडोजचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण बंद करून कुठून तरी उतरवलेला ड्रायव्हर गाभ्यात घुसवावा लागतो. ज्या मशिनवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्यावर? आणि त्याची गरजही नसते. प्रोजेक्टच्या ‘ऑडिओ’ फोल्डरमधल्या फाइल साध्या वेव्ह आहेत, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. अडचण एवढीच की कुठला तुकडा गाण्यात कुठे होता ते कळत नाही. रेकॉर्ड करताना प्रोजेक्ट सेटअपमध्ये फाइलचा प्रकार ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ ठेवलेला असेल तर तेही कळतं, कारण त्या फाइलच्या पोटात ती कुठल्या वेळेला रेकॉर्ड झाली याचा शिक्का असतो. रीपरमध्ये सगळ्या फाइल टाका, सगळ्या निवडा आणि ॲक्शनच्या यादीत ‘सोर्स प्रिफर्ड पोझिशन’ शोधा. तुकडे धडाधड आपापल्या जागी जाऊन बसतात. बघायला मजा येते. नंतर इकडेतिकडे हलवलेले किंवा कॉपी करून लावलेले तुकडे मात्र हाताने जुळवावे लागतील. नाहीतर डोंगल असलेल्या ओळखीच्या स्टुडिओत दोन दिवस बसा आणि ट्रॅक काढून आणा. सोलापुरात, पुण्यात असे स्टुडिओ अजून आहेत, आणि या कामाला कुणी नाही म्हणत नाही.

कूल एडिटची सपाट रेष. यात निम्म्याहून जास्त वेळा दोष विंडोजच्या मायक्रोफोन परवानगीचा असतो. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. तिथे वरचं बटण चालू असतं आणि अगदी खाली ‘लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युवर मायक्रोफोन’ बंद असतं. ते बंद असलं की जुन्या प्रोग्रॅमला कधी एरर मिळते, कधी नुसती शांतता. ते चालू करा. मग साउंडमध्ये ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, रेकॉर्डिंग, तुमचा इंटरफेस, ॲडव्हान्स्ड. इथला सॅम्पल रेट आणि कूल एडिटमधला एकच ठेवा आणि ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. ते चालू राहिलं तर तानपुऱ्याला खोलीतला गोंगाट समजून कापतं. कूल एडिट प्रो एएसआयओ ओळखत नाही, विंडोजच्या जुन्या मल्टिमीडिया पद्धतीनेच बोलतं. त्यामुळे त्यात मल्टिट्रॅक ऐकत गाण्याचा आग्रह धरू नका. कापणं, साफ करणं, जाहिरातीचा आवाज बसवणं याला ते अजून फर्स्टक्लास आहे. यूएसबी इंटरफेस रोज त्याच पोर्टला लावा. पोर्ट बदललं की विंडोज त्याच कार्डाला ‘२-’ असं नवं नाव देऊ शकतं आणि कूल एडिट जुन्या नावाची वाट बघत बसतं. मग डिव्हाइस ऑर्डरमध्ये जाऊन परत निवडावं लागतं.

कीर्तनं रेकॉर्ड करत असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. जुन्या प्रोग्रॅमना २ जीबीच्या पुढची वेव्ह फाइल झेपेलच असं नाही, आणि ४४.१ ला ३२ बिट स्टिरिओ म्हणजे साधारण १ तास ४१ मिनिटांत २ जीबी भरतात. बुवा रंगात आले की तेवढ्यात पूर्वरंगसुद्धा आटपत नाही. अभंगाच्या चालीवर टाळ्या पडत असतील तेव्हा फाइल बदलून घ्या, किंवा १६ बिट ठेवा म्हणजे दुप्पट वेळ मिळतो.

कूल एडिटची कंपनी सिंट्रिलियम, तिच्याकडून अडोबीने २००३ मध्ये ते विकत घेतलं आणि त्याचंच ऑडिशन झालं. त्यामुळे नोंदणीचं नाव आणि नंबर कागदावर जपून ठेवला असेल तरच नव्या मशिनवर उपयोग, आता विचारायला कुणी नाही. जुनी ‘एसईएस’ सेशन आजच्या ऑडिशनमध्ये सरळ उघडत नाहीत. मधे ऑडिशन ३.०.१ मधून एक्सएमएल करून न्यावी लागतात. तुमच्याकडे ते नसेल तर कूल एडिटमधूनच ट्रॅक बाहेर काढा, वर सांगितलं तसेच शून्यापासून.

प्लगइनबद्दल थोडक्यात. ३२ बिटच्या नुएन्डोत जुने ३२ बिटचे व्हीएसटी प्रकारचे प्लगइन चालतात, त्यांचं स्वतःचं कुलूप आड आलं नाही तर. पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच हवे असतील तर रीपर ६४ बिट असूनही त्यांना पोटात पूल बांधून चालवतो. स्टाइनबर्गच्याच क्युबेसने २०१६ मध्ये, ९ व्या आवृत्तीपासून, ३२ बिटचा नाद सोडलाय. डायरेक्टएक्सचे प्लगइन असतील तर त्यांचा इफेक्ट ट्रॅकवर पक्का करून ते सोडून द्या.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, त्यापेक्षा जुनंच मशिन दुरुस्त केलं तर? शंभरेक प्रोजेक्ट काढायची असतील तर हाच मार्ग मी आधी बघेन. फुगलेले कपॅसिटर बदलणारे लोक सोलापुरात आहेत. टीव्हीचे जुने बोर्ड दुरुस्त करणारा हे करू शकतो. व्होल्टेज तेच किंवा थोडं जास्त, क्षमता तीच, उष्णता सोसणारे १०५ डिग्रीचे टाका. बोर्ड गेलाच असेल तर ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मशिनमध्ये पीसीआय स्लॉट असलेलं एखादं सापडतं. तिथे तुमचं डेल्टा कामाला येईल. जुनी डिस्क तशीच लावल्यावर निळा स्क्रीन आला तर बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर करून बघा. त्या मशिनला इंटरनेटची केबल मात्र लावायची नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. मशिनच नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुमच्या परवान्याचं एक्सपी टाकून डोंगल आत जोडता येतं. ट्रॅक काढण्याइतकं चालतं, रेकॉर्डिंगला बिलकुल नाही.

अजून मशिन न घेतलेल्यांसाठी: स्नॅपड्रॅगनवाला एआरएम लॅपटॉप घेऊ नका, जुने प्रोग्रॅम त्यावर चालतील पण इंटेलसाठीचे ड्रायव्हर चालणार नाहीत. एस मोडमधलं (फक्त स्टोअरमधले ॲप चालू देणारं) विंडोज असेल तर तो मोड आधी बंद करा. मॅकवाल्यांनी लक्षात ठेवावं की २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचं काहीही चालत नाही. फायरवायर इंटरफेस जुन्या मशिनबरोबरच ठेवा, नव्यावर जोडण्याचा खटाटोप करू नका.

नव्या रेकॉर्डिंगला साधा दोन किंवा चार इनपुटचा यूएसबी इंटरफेस घ्या, ज्याचा ड्रायव्हर कंपनी आजही देते असा. गाताना बफर (कार्ड एका वेळी जेवढे सॅम्पल हाताळतं तो आकडा) १२८, ४८ किलोहर्ट्झला ते एका दिशेने साधारण पावणेतीन मिलिसेकंद होतात. मिक्सला १०२४ करा. टिकटिक, फाटका आवाज आला तर वायफाय बंद करून, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवून बघा. अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉप चार्जरवर लावला की घूं आणि बॅटरीवर गायब, तर दोष बहुधा इंटरफेसचा नाही, वायरिंगचा किंवा चार्जरचा आहे. आणि पूर्व भागात भिंतीपलीकडे माग चालू असेल तर कंडेन्सर माइकमध्ये त्याची खटखट येणारच. ती काढायला बसलात तर आवाजाचाही जीव जातो. माग बंद असतील ती वेळ गाठा.

राहिलं मंडळाचं गाणं. सगळ्यात आधी त्याचेच ट्रॅक काढा, बाकीची प्रोजेक्ट आषाढी झाल्यावर. नव्या गायकाची पट्टी विचारून घ्या. जुनं गाणं काळी एकला आणि याला पांढरी दोन किंवा काळी दोन लागत असेल तर पेटी आणि कोरस तेवढे, म्हणजे एक-दोन अर्धे सूर, वर सरकवता येतात, ऐकणाऱ्याला कळत नाही. पखवाज षड्जाला लावलेला असतो, तोही एक-दोन अर्धे सूर सोसतो. टाळाला हात लावू नका, त्याचा झंकार लगेच पत्र्यासारखा होतो. पण गायिका असेल आणि तिची पट्टी काळी चार असेल, तर सात अर्ध्या सुरांचं अंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट भरून निघत नाही. मग टाळ तेवढा जुना ठेवा, पखवाज, पेटी आणि कोरस नव्याने करून घ्या आणि मंडळाला तो खर्च आजच सांगा.